शिकागोच्या प्लंबरला, कोथरूडहून

प्रिय स्टीव्ह अल्बिनी,

तुम्ही शिकागोचे रेकॉर्डिंग इंजिनिअर आणि गिटारवादक, मी पुण्यातला एक गिटारवाला, घरच्या खोलीत पोरांचे बँड रेकॉर्ड करणारा. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही. ७ मे २०२४ ला तुम्ही गेलात, वयाच्या ६१ व्या वर्षी, हृदयविकाराने. तेव्हाच लिहायचं होतं, राहून गेलं. गेल्या रविवारी साताऱ्याच्या एका पोराने विषय काढला आणि आज बसलोच.

त्यांच्या बँडची चार गाणी माझ्या खोलीत रेकॉर्ड झाली. ठरलेले पैसे घेतले, सगळे ट्रॅक सुटे करून हार्ड डिस्क हातात दिली. पोरगा दारातच घुटमळला. "काका, पुढे गाण्यांच्या कमाईत तुमचे किती टक्के?" म्हटलं, शून्य. त्याने वळून ड्रमरकडे बघितलं. यात काहीतरी गोम असणार, असा चेहरा. तो चेहरा मला ओळखीचा आहे, वीस वर्षांपूर्वी तो माझा होता.

आम्ही तेव्हा एका स्टुडिओत पाच गाणी केली होती. मालकाने आधी चहा पाजला, मग कागद सरकवला. "फॉर्मॅलिटी आहे रे, सही ठोका." ठोकली. पुढचं उगाळत नाही. ती पाच गाणी आजही माझ्याकडे नाहीत एवढंच सांगतो. मागायला गेलं की 'सर मीटिंगमध्ये आहेत'. आणि आम्हीही त्यांना वर सर, सरच करत होतो!

त्यानंतर एका मित्राने रेकॉर्ड कंपन्यांवरच्या तुमच्या १९९३ च्या लेखाची प्रिंट आणून दिली, 'द बॅफलर' या अमेरिकी नियतकालिकातल्या. सुरुवातीलाच घाणीने भरलेला खंदक आणि त्यातून पोहत निघालेले बँडवाले. जेवताना वाचू नये असा मजकूर. पण शेवटी तुम्ही हिशोब मांडलात, वाण्याच्या वहीसारखा ओळीखाली ओळ. एक काल्पनिक बँड, अडीच लाख प्रती खपलेल्या. कंपनीला ७,१०,००० डॉलर, निर्मात्याला ९०,०००, आणि वाजवणाऱ्या प्रत्येकाला ४,०३१ डॉलर २५ सेंट. त्या २५ सेंटवर मी मोठ्याने हसलो. मग आमचा कागद ड्रॉवरमधून काढून पहिल्यांदा नीट वाचला.

तरी मला वळण लावलं ते तुमच्या पत्राने. १९९२ साली 'निर्वाणा' या अमेरिकी रॉक बँडला, त्यांचा पुढचा अल्बम रेकॉर्ड करण्याबद्दल लिहिलेलं, चार पानी. तेव्हा त्या पोरांच्या दारात अख्खा धंदा रांग लावून उभा होता. कंपनीची अपेक्षा अशी की तुम्ही विक्रीतला एक-दीड टक्का मागाल. तीस लाख प्रती धरल्या तर चार लाख डॉलर होतात, हे तुम्हीच पत्रात मांडून दाखवलंत आणि लिहिलंत, एवढा पैसा घेऊन मला झोप लागायची नाही. मला प्लंबरसारखे पैसे द्या. काम करतो, कामाचे काय होतील ते द्या.

हे वाचलं त्याच आठवड्यात आमच्या मोरीचा नळ गळत होता. सोसायटीचे नेहमीचे प्लंबर आले, जुना वॉशर काढला, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, पान्याने आवळलं, चालू-बंद करून दाखवलं आणि पैसे घेऊन गेले. त्यानंतर आम्ही त्या नळाखाली हजार बादल्या भरल्या असतील. त्यांनी कधी बादलीमागे चार आणे मागितले नाहीत. मी मोरीच्या दारात उभा राहून हाच विचार करत होतो. बायको म्हणाली, "नळ बघतोयस काय, बंद कर."

तुम्ही एक लाख डॉलर एकदाच घेतलेत, १९९३ च्या फेब्रुवारीत मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत दोन आठवड्यांत त्यांचा 'इन युटेरो' अल्बम रेकॉर्ड केलात आणि हात धुतलेत. त्यावर तुमचं नाव 'रेकॉर्डेड बाय' एवढंच. निर्माता म्हणवून घेणं तुम्हाला आवडतच नसे. आमच्याकडे दोन बटणं फिरवली की माणूस प्रोड्युसर होतो आणि पोस्टरवर गायकाच्या वर बसतो.

वादक म्हणूनही तुम्ही मला फार आवडता. गिटारचा पट्टा खांद्यावर न घेता कमरेला, पंचा कसल्यासारखा! मी करून बघितलं, गिटार गुडघ्यावर आली. ड्रमसाठी जमिनीवर माइक ठेवायची तुमची युक्ती मात्र लागू पडली. माझ्या खोलीत शहाबादी फरशी आहे. तिच्यावर माइक आडवा टाकला आणि तेच स्वस्तातलं ड्रमकिट एकदम अंगणात वाजल्यासारखं मोकळं झालं. शिकागोतल्या तुमच्या 'इलेक्ट्रिकल ऑडिओ' स्टुडिओच्या भिंती मातीच्या कच्च्या विटांच्या आहेत हे वाचून आमच्या गावचं घर आठवलं होतं. तिथेही आवाज असाच बसायचा.

तुम्ही काही संत नव्हतात. तरुणपणी जे बोललात, जे छापलंत, त्यातलं बरंचसं मला वाचवत नाही. तुमच्याच एका बँडचं नाव तर इथे लिहवत नाही. पण २०२१ मध्ये तुम्ही उघडपणे म्हणालात, माझं चुकलं, आणि सबबी सांगितल्या नाहीत. माझी गाणी दाबून बसलेल्या सरांकडून मला तेवढंही पुरलं असतं. गाणी गेली तरी चाललं असतं.

स्टुडिओचा फोन तुम्ही स्वतः उचलायचात, आणि पलीकडे अगदी कुणीही असो, तारीख मोकळी असली की काम घ्यायचात. तो नंबर माझ्या जुन्या डायरीत आहे, शिकागोचा कोड लाल पेनाने लिहिलेला. कधी लावला नाही. आधी आयएसडीचे दर आडवे आले, नंतर माझं इंग्रजी. आणि उचलल्यावर बोलायचं काय? थँक यू म्हणून फोन ठेवणं बरं दिसलं नसतं. म्हणून आज, मराठीत, मनापासून आभार.

तुमचा,
कोथरूडचा एक गिटारवाला

ता. क. साताऱ्याच्या पोराचा काल फोन आला होता. डिस्क नीट उघडली. पण शून्य टक्के म्हणजे नक्की शून्यच ना, असं त्याच्या वडिलांनी विचारलंय.