इटलीतल्या सान जिमिन्यानो गावच्या यात्री-निवासातील ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

विया फ्रान्चिजेना या रोमच्या पायी यात्रामार्गाने चालत, टाचेला मोठा फोड घेऊन आपल्या दारी आलेल्या एका मराठी यात्रेकरूला आपण जी मदत केलीत, तिच्याबद्दल जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आषाढी वारीत वारकऱ्यांचे पाय चेपून देणारे आणि तुटलेल्या चपला विनामूल्य शिवून देणारे लोक ज्यांनी पाहिले आहेत, त्या मराठी वाचकांना आपल्या सेवेचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

आपण फोड स्वच्छ करून पट्टी बांधलीत आणि दुसऱ्याच दिवशी मोंतेरिज्जोनीपर्यंतचे सुमारे ३१ किलोमीटर एका दमात चालण्याचा माझा बेत स्पष्ट शब्दांत मोडीत काढलात. आधी एक दिवस विश्रांती, मग वाटेत कोल्ले दी वाल देल्साला मुक्काम, असे ठरवून तिथल्या खाटेसाठी फोनही आपणच केलात.

त्या सक्तीच्या विश्रांतीमुळे माझे हे आवडते गाव मला नीट पाहता आले. पूर्वी फ्लॉरेन्सहून बसने आलो होतो, तेव्हा इतर पर्यटकांप्रमाणे माझेही सारे लक्ष मनोऱ्यांकडे होते. एके काळी सत्तरहून अधिक असलेल्या त्या मनोऱ्यांपैकी आज १४ उभे आहेत. एवढे मनोरे बांधण्याइतकी श्रीमंती गावाकडे आली कोठून, हे मात्र आपण सांगितलेत. कँटरबरीचे आर्चबिशप सिजेरिक यांनी इ. स. ९९० च्या रोमयात्रेतून परतताना जे मुक्काम नोंदवून ठेवले, त्यांत हे गाव आहे. पुढे याच वाटेवरच्या व्यापाराने आणि येथील केशराने ते भरभराटीला आले, १३४८ च्या प्लेगने खचले आणि काही वर्षांतच फ्लॉरेन्सच्या अंमलाखाली गेले. जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा नंतर गावाकडे उरला नाही, म्हणूनच मनोरे टिकले, हे आपले म्हणणे मला पटले.

संत ऑगस्टीनच्या चर्चमध्ये जाण्याचा आपला आग्रह तर फारच मोलाचा ठरला. बेनोझ्झो गोझ्झोली यांनी १४६४-६५ च्या सुमारास तेथे रंगवलेली ऑगस्टीनची चरित्रचित्रे, विशेषतः त्याला शाळेत घालण्याचा प्रसंग आणि त्याच चित्रात मास्तरांच्या हातचा मार खाणारे पोर, मला मनोऱ्यांहून अधिक आवडले. (असे मास्तर आमच्याकडेही होते.) खुर्चीवर बसून, पाय लांब करून ती भिंत हवा तेवढा वेळ पाहता आली, याचे श्रेयही त्या फोडाला आणि आपल्या हट्टाला आहे.

सिएनाला पोहोचण्यापूर्वीच टाच बरी झाली आणि पुढे रोमपर्यंत काही त्रास झाला नाही. आळंदीहून पंढरपूरला चालत जाण्याची इच्छा आपण बोलून दाखवली होती. त्या आषाढात मला आधी कळवावे. दिंडीत आपले नाव घालणे, मुक्कामाची सोय पाहणे आणि आपल्याबरोबर चालणे हे सर्व माझ्याकडे राहील.

आपला ऋणी,
एक यात्रेकरू