पीटर्सबर्गहून घरी

सेंट पीटर्सबर्ग,
जानेवारीची अखेर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, अगदी ठणठणीत. फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलता आणि निम्मं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहायला बसले. दादाला सांगा, मोठ्या अक्षरात छापून दे. बाबांच्या डोळ्यांना ताण नको.

आधी थंडीचं. थंडी बाहेर आहे, घरात नाही. शहराच्या औष्णिक केंद्रांतून गरम पाणी पाइपांनी थेट इमारतींत येतं आणि खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरत राहतं. जुन्या घरांत ते कमी-जास्त करायची सोयच नसते. रात्री इतकं उकडतं की खिडकीची वरची झडप उघडून झोपते. तेव्हा आई, स्वेटर विणायला घेऊ नकोस. आणि नेवा नदीचं तू तीनदा विचारलंस. गोठलेल्या नदीवर मी पाऊल ठेवलेलं नाही. बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेली माणसं काठावरूनच टिपते, लांबच्या लेन्सने.

युक्रेनच्या लढाईबद्दल दादाने काहीतरी वाचून दाखवलेलं दिसतंय. रोजचं शहर चालू आहे, मेट्रो भरलेली असते, शाळकरी मुलं घसरगुंड्या करतात. सैन्यभरतीची पोस्टरं बसथांब्यावर दिसतात, ती पाहून पोटात कालवतं, हे खोटं कशाला सांगू? पण मी पोलिसांकडे, लष्करी गाड्यांकडे कॅमेरा वळवत नाही, रात्री एकटी लांब जात नाही. एवढी काळजी मी पुण्यातसुद्धा घेत नव्हते.

एक गोष्ट मात्र तुला समजावून सांगायलाच हवी, कारण मला ती कळायला वेळ लागला. इथे कोट घालून कुठेही आत बसता येत नाही. संग्रहालय, नाटकगृह, ग्रंथालय, कितीतरी दवाखाने, सगळीकडे दाराशी गार्डरोब असतो. लांबलचक टेबल, मागे कोट अडकवायच्या आकड्यांच्या रांगा आणि बहुधा एक वयस्क बाई. कोट काढून द्यायचा, नंबराचा बिल्ला घ्यायचा. ऐच्छिक नाही, द्यायचाच! आत गरम असतं, कोटावर बर्फ असतो, आणि कोटासकट बसणं हे आपल्याकडे चपला घालून देवघरात जाण्यासारखं समजतात. कोटाच्या कॉलरला आतून अडकवायची कापडी पट्टी हवीच. माझ्या कोटाची तुटली होती, तर त्या बाई सगळ्यांसमोर बोलल्या. घरमालकीण आजींनी त्याच रात्री जाड दोऱ्याने नवी शिवून दिली. आणखी गंमत म्हणजे काही नाटकगृहांत तिथूनच दुर्बीण भाड्याने घेतली की निघताना रांगेत थांबावं लागत नाही, कोट आधी मिळतो! माझी पंचाईत एवढीच की जादा बॅटऱ्या कोटाच्या आतल्या खिशात छातीशी धरलेल्या असतात, थंडीत त्या झटकन मान टाकतात. कोट देण्याआधी त्या काढून घ्यायची आता सवय झाली आहे.

बाबा, हे तुमच्यासाठी. इथला उजेड तुम्ही पाहायला हवा होता. डिसेंबरात दिवस सहा तासांचाही नव्हता, आता सात तासांच्या वर गेलाय. सूर्य माथ्यावर येतच नाही. डिसेंबरात भर दुपारी तो क्षितिजापासून सहा-सात अंशच वर होता. म्हणजे आपण ज्या उजेडासाठी संध्याकाळची वाट पाहतो, तो इथे ढग नसले तर दिवसभर. सेंट आयझॅक कॅथीड्रलचा सोनेरी घुमट त्यात पेटल्यासारखा दिसतो आणि माणसांच्या सावल्या रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीवर चढतात. बर्फापुढे कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, पांढरं सगळं राखाडी येतं. लोणंदला पालखीच्या गर्दीत टोप्या-धोतरांचा पांढरा लोंढा आला की तुम्ही ओरडायचात, 'दीड स्टॉप वाढव!' म्हणजे फोटोत उजेड जास्त घे. इथे रोज तेच करते. बाहेरून आत येताना कॅमेरा आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करते आणि तासभर उघडत नाही, म्हणजे लेन्सवर बाष्प धरत नाही.

आजी पावाचा चुरासुद्धा टाकत नाहीत, टेबलावरचा तळहाताने गोळा करून पक्ष्यांना घालतात. त्यांची आई वेढ्यात इथेच होती. जर्मन सैन्याने 8 सप्टेंबर 1941 पासून 27 जानेवारी 1944 पर्यंत हे शहर अडवून धरलं होतं, 872 दिवस. त्या पहिल्या हिवाळ्यात मुलांना, म्हाताऱ्यांना दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळायचा, त्यातही भेसळ. परवा आजी मला पिस्कार्योवस्कोये दफनभूमीत घेऊन गेल्या. तिथे सुमारे 4 लाख 90 हजार माणसं सामुदायिक कबरींत आहेत. दगडांवर नावं नाहीत, फक्त साल, आणि सैनिक असतील तर तारा, नागरिक असतील तर विळा-हातोडा. सत्तावीस तारीख नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे 1942 लिहिलेल्या एका दगडाशी काळ्या पावाचा तुकडा आणि लाल कागदातली दोन चॉकलेटं ठेवलेली होती. पावावर बर्फ भुरभुरला होता. तेवढाच एक फोटो काढला आणि कॅमेरा बंद केला. इथे माणसांकडे बघायला शिकले, तुम्हाला आवडेल असं काम होतंय, हे मला मनापासून सांगायचं होतं.

आता घरचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख माझ्यासाठी पुढे ढकलू नका. हे मी फोनवर रागावून बोलले, त्याचं वाईट वाटलं, पण म्हणणं तेच आहे. दवाखान्यात दादा असेल, वहिनी असेल. मीही असायला हवं होतं. थेंब मात्र आईने वेळेवर घालायचे. दादाच्या खात्यात 35 हजार निघण्याआधीच टाकलेत, उरलेले मासिकाकडून फोटोंचे पैसे आले की लगेच. लेन्सचे हप्ते माझे मी भरतेय, त्यात तुम्ही पडू नका. आपली व्हिसा-मास्टरकार्ड इथे 2022 पासून चालत नाहीत, म्हणून रोख बाळगते. बाबा, पैसे दोन ठिकाणी ठेवलेत, आजींना माहीत आहे.

आणि कोल्हापूरचं स्थळ. मावशीला तू 'मुलगी तयार आहे' सांगितलंस का आई? मी 'बघू' म्हटलं होतं. तरी नको म्हणत नाही. मुलाला एवढं आधी सांगा की वर्षातले काही महिने मी अशीच बाहेर असणार, लग्नानंतरही. ऐकून तो माघारी फिरला तर वाईट वाटून घेऊ नका. फिरला नाही, तर माझा नंबर द्या. फोन तिकडच्या साडेसातनंतर करायला सांगा. इथे तेव्हा पाच वाजतात, अंधार पडतो आणि माझं काम संपलेलं असतं.

तुमची,
मनू