कुकडीकाठची राख

पुणे

प्रिय सुध्या,

तुझं पत्र मिळालं. आईच्या गुडघ्याची कुरकुर चालू आहे, पण पोळ्या ती स्वतःच लाटते, तेव्हा काळजी नको. बाबांचं ठीक.

आता तुझा टोमणा. ‘आपला अख्खा सह्याद्रीच ज्वालामुखीचा, मग बोरीच्या राखेचं एवढं कौतुक कशाला?’ कारण ती राख आपली नव्हेच! आपला काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, बहुतेक शांतपणे पसरलेल्या लाव्हाचा. जुन्नर तालुक्यातल्या बोरीला कुकडीच्या काठावर जुन्या गाळात जो फिकट, पिठासारखा मऊ थर दिसतो, तो त्यामानाने कालपरवाचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात काचेचे बाकदार कण दिसतात. मॅग्मातले, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातले, वायूचे बुडबुडे फुटले, त्यांच्या भिंतींचे हे तुकडे. इतकी सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) असलेली काच आपल्या काळ्या कातळातून, म्हणजे बेसाल्टातून, येत नाही. ती आली इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून, सुमारे ३,००० किलोमीटरवरून.

पण तोबाच्या कुठल्या स्फोटातून? तो एकदाच उडालेला नाही. शेवटचा, सर्वांत मोठा स्फोट सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा. बोरीच्या राखेचं वय मात्र कुणी १४ लाख वर्षं काढलं, कुणी ६.७ लाख, आणि काचेचं रसायन जुळवणारे म्हणतात, ही त्या शेवटच्याच स्फोटाची. भांडण जुंपलं ते राखेच्या सान्निध्यात सापडलेल्या दगडी हातकुऱ्हाडींमुळे. राखेचं वय बदललं की त्या माणसांचंही बदलतं.

माझा कल रसायनाकडे. नदीच्या गाळात जुने खनिजकण मिसळलेले असले, तर खनिजांत साठलेल्या आर्गॉन वायूवरून काढलेलं वय फुगतं. काचेचा एकेक कण वेगळा तपासता येतो. त्या हातकुऱ्हाडी नेमक्या किती जुन्या, हे कोडं मात्र त्याने सुटत नाही, उलट वाढतं.

आणि थराच्या जाडीवरून स्फोट केवढा होता ते ठरवू नकोस. पावसाने उतारावरची राख वाहून आणली आणि खळग्यात भरली, की थोड्याशा राखेचाही जाड थर होतो. स्फोटाचा अंदाज बांधायचा तर राख जिथे पडली तिथेच राहिली अशा जागा हव्यात: समुद्रतळ, सरोवरं. तोबाच्या शेवटच्या स्फोटाचे कण बंगालच्या उपसागरात मिळाले, तसे पार आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या गाळातही. अशा अनेक ठिकाणची जाडी नकाशावर मांडली, की राखेचं घनफळ काढता येतं.

छोट्या उद्रेकांची राख इतक्या लांब पोचतच नाही, त्यामुळे नुसत्या आपल्याकडच्या थरांवरून तोबाचा इतिहास लिहिला तर त्यात फक्त अजस्र स्फोटच उरतील. मधल्या बारीकसारीक उद्रेकांसाठी सुमात्राजवळचाच गाळ उपसायला हवा.

वहिनींना नमस्कार, चिमीला आशीर्वाद.

तुझाच,
विन्या