तिचा एक तरी विनोद छापायचा होता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

स्टँडअप करणाऱ्या त्या ताईंवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख काल वाचला. आज पुन्हा वाचला, तेव्हा हातात पेन घेतलं. 'मोलकरीण' नऊ वेळा. 'संघर्ष' सात वेळा. दारुडा सासरा आहे, गळकं छप्पर आहे, थकलेली फी आहे. ताई स्टेजवर उभ्या राहून बोलतात काय, ते मात्र कुठेच नाही. लोकांना हसवते म्हणून ज्या बाईवर अर्धं पान खर्च केलंत, तिचा एकही विनोद त्यात नाही. क्रिकेटपटूवर लिहिताना त्याच्या धावा गाळता का हो तुम्ही?

आणि तो फोटो! माइक हातात घेतलेला त्यांचा एखादा फोटो मिळाला नसता, असं होणार नाही. तुम्ही छापलात मोरीत भांडी घासतानाचा, तोही कॅमेऱ्याकडे बघून हसताना. कमरेला पदर खोचून कढई घासताना असं कोणी हसत नाही. मुद्दाम बसवून काढलेला फोटो आहे, हे घासणारीला लगेच कळतं.

एवढा राग यायला कारण घरातलंच आहे. माझी धाकटी जाऊ बोरिवलीत चार घरी स्वयंपाक करते आणि दोन वर्षांपासून हे स्टँडअपचं करते आहे. सुरुवात आमच्या गल्लीतल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला झाली. वाण वाटून झाल्यावर तिने आपल्या मॅडमच्या डाएटची गोष्ट सांगितली. मॅडम डाएटिशियनला महिन्याला दोन हजार देतात. पोळीला तेल लावलं का, भातात पाणी किती टाकलं, सगळ्यावर त्यांची नजर. "आणि रोज सकाळी पिझ्झाचे रिकामे खोके खाली टाकायला मी नेते. मॅडम, मला पाचशे द्या, वजन का उतरत नाही ते मी सांगते." बायकांच्या हातातली तिळगुळाची पुडकी खाली सांडली. माझी सासू, जिने तिला कधी चांगलं म्हटलं नव्हतं, ती डोळे पुसत "परत सांग गं" म्हणाली.

हाच किस्सा घेऊन मागच्या पावसाळ्यात ती अंधेरीच्या एका ओपन माइकला, म्हणजे कोणीही नाव देऊन विनोद सांगू शकतं अशा कार्यक्रमाला, गेली. सोबत मी होते. पंधरा-सोळा जण, प्रत्येकाला पाच मिनिटं. वेळ संपत आली की मागून मोबाइलचा दिवा दाखवतात. बाकी सगळी कॉलेजातली आणि ऑफिसातली पोरं. आम्ही साडेसातला जाऊन बसलो, हिचा नंबर लागला पावणेअकराला. नालासोपाऱ्याला जायचंय, जरा आधी घ्या, असं मी दोनदा सांगून आले होते.

पाच मिनिटांचे तुकडे तिने महिनाभर रचले होते. पोळ्या लाटताना पुटपुटायची, मोबाइलवर वेळ लावून बघायची. 'मॅडम' शब्दानंतर किती थांबायचं, यावर आमचा वाद झाला होता. मी म्हणत होते लगेच पुढचं बोल. ती म्हणाली, नाही ताई, तिथे एक श्वास पाहिजे, लोकांना आपापली मॅडम आठवायला वेळ द्यायचा.

होस्टने तिची ओळख करून दिली. मुलगा वाईट नव्हता, त्याला चांगलंच करायचं होतं. म्हणाला, या ताई चार घरी राबतात, वसईच्या कारखान्यात प्रेस मशीनवर यांच्या नवऱ्याची बोटं गेली, तरीही त्या आज इथे आल्यात, यांच्यासाठी जोरात टाळ्या. टाळ्या खूप पडल्या, दोघं-तिघं उभे राहिले. आणि मग सगळे दहाव्याला आल्यासारखे बसले. तिने डाएट सांगितलं, तो एक श्वास थांबली, पाचशे रुपये मागितले. पुढच्या रांगेतल्या मुलीने छातीवर हात ठेवून मान तिरकी केली. कोणी हसलं नाही. जिच्या नवऱ्याची बोटं गेलीत ती पाचशे रुपये मागते आहे म्हटल्यावर हसणार कोण? विनोद तोच होता, शब्द तेच होते. आधीच्या तीस सेकंदांत त्याने तिच्या पायाखालची फळी काढून घेतली होती.

खाली उतरल्यावर एका बाईंनी तिच्या मुठीत शंभराची नोट कोंबली. हिने ती तिथल्या टेबलावर ठेवली आणि चप्पल घातली.

गाडीत ती भाईंदरपर्यंत काही बोलली नाही. खाडीचा पूल लागला तेव्हा म्हणाली, "ताई, टाळ्या माझ्या नवऱ्याच्या बोटांना पडल्या. मी उगाच गेले." नालासोपाऱ्याला उतरलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. पहाटे साडेचारला उठून पहिलं काम गाठायचं होतं तिला.

तुमच्या लेखाने तेच केलंय, फक्त लाखो लोकांसमोर. आता त्या ताई कुठेही उभ्या राहिल्या की समोरचे आधी हळहळणार. पुन्हा हसण्याच्या वाटेवर आणायला त्यांची पहिली दोन मिनिटं जाणार, आणि हातात असतात पाच.

आमच्याच नालासोपाऱ्याच्या दीपिका म्हात्रे २०१८ मध्ये सगळीकडे गाजल्या, ते तुमच्या लेखकाला आठवायला हवं होतं. त्याही घरकाम करायच्या, लोकलमध्ये खोटे दागिने विकायच्या, आणि स्टँडअप करणाऱ्या अदिती मित्तल यांच्यामुळे स्टेजवर आल्या. त्यांच्याही कष्टांबद्दल भरपूर छापून आलं, पण कामवालीसाठी वेगळी भांडी ठेवणाऱ्या मालकिणींवरचं त्यांचं बोलणंही लोकांपर्यंत पोहोचलं. माझ्या जावेने पहिल्यांदा मोबाइलवर बघितल्या त्या म्हात्रेताईच. "या तर आपल्या कामाच्या घरातलंच बोलतात," म्हणाली आणि त्या आठवड्यात वही आणली. कष्टांची गोष्ट वाचून ती वही आणणार नव्हती. ती तर तिला पाठ आहे.

लेखात आणखी एक वाक्य आहे, 'एकट्या बाईने उभं राहून हसवणं आपल्या मातीला नवं आहे.' हे कोणी सांगितलं तुम्हाला? पंढरपूरच्या चंदाबाई तिवारी भारुडं करतात, त्या उभ्या राहिल्या की मंडप हसतो. नाथांच्या भारुडातली सून भवानीआईला नवस बोलून सासरच्या एकेकाला वाटेतून दूर करायला सांगते, ते ऐकून शेकडो वर्षं बाया पदर तोंडाला लावून हसताहेत. मंगळागौरीला, डोहाळजेवणाला ज्या सोंगं काढतात त्या कोण? नवीन काय असेल तर तिकीट आणि माइक. आणि पैसे, तेही मिळाले तर. गेल्या महिला दिनाला एका संस्थेने जावेला बोलावलं, पाऊण तास बोलायला लावलं, आणि शाल-श्रीफळ देऊन पाठवलं. त्या दिवशी दोन घरचा खाडा पडला, त्याचे पैसे कापले गेले. मानधनाचं विचारलं तर म्हणाले, ताई, आम्ही तुम्हाला व्यासपीठ दिलं ना! साउंडवाल्याला पैसे दिलेले मी डोळ्यांनी पाहिले.

'मोलकरीण' शब्दावरून मी भांडत नाही, आमच्या बाया तो स्वतःही वापरतात. पण राज्य सरकारने २००८ मध्ये कायदा केला तेव्हा 'घरेलू कामगार' असं लिहिलं. त्या ताईंच्या हातात माइक असताना तरी त्यांना 'विनोदकार' म्हणा. नऊपैकी चार वेळा म्हणा.

तुमच्या लेखकाला विनंती की पुढच्या वेळी वही घेऊन शोला जा आणि मागे बसा. लोक कुठे हसले, कुठे नाही, बाई कुठे थांबली, ते लिहा. घरी जायचंच असेल तर पंच, म्हणजे हसवणारी ती शेवटची ओळ, कसा सुचला ते विचारा. ओपन माइक घेणाऱ्या मुलांनाही सांगणं आहे, ओळख करून देताना नाव सांगा आणि बाजूला व्हा. विरार गाडीच्या माणसांना पहिल्या पाचांत घ्या.

जाऊ पुढच्या गुरुवारी पुन्हा जाते आहे. जागा दुसरी आहे. होस्टला तिने फोनवर आधीच बजावलंय की माझं नुसतं नाव घ्यायचं. डाएटचाच किस्सा आहे, पिझ्झाच्या खोक्यांनंतर आता नवीन चार ओळी आल्यात. त्या मी इथे लिहीत नाही, तिच्या आहेत.

आपली,
एक वाचक, नालासोपारा (पूर्व)

(माझं नाव छापू नये. त्यावरून जाऊ कोण ते कळेल आणि तिची कामं जातील.)

ता. क. आमच्याकडे रविवारी अंक येतो, पुरवणी येत नाही. पेपरवाल्याला विचारलं तर तो वरूनच आली नाही म्हणतो. कालची मी बोरिवली स्टेशनबाहेर वेगळे पैसे देऊन घेतली. हे तीन महिने चाललंय, एकदा बघावं.