रविवारची बैठक, आणि गणपतीआधी थोडं

सर्व सभासदांना नमस्कार.

घरातलं माणूस आत्महत्येनं गेलेल्या आपल्या गटाची या महिन्याची बैठक रविवारी दुपारी ४ वाजता, नेहमीच्या पडवीत. पाऊस असला तरी होईल. देवगड-मालवणकडच्यांनी परतीची एसटी बघून यावं. मध्येच उठून गेलात तरी कुणी काही म्हणणार नाही.

गणपती जवळ आलेत. ज्यांच्या घरातलं माणूस यंदा आत्महत्येनं गेलं, त्यांना चाकरमानी गावी आले की एकच प्रश्न येणार, "नेमकं झालं काय?" उत्तर द्यायलाच हवं असं नाही. "आता नको तो विषय" एवढं पुरे. आरतीला उभं राहवलं नाही तर मागल्या दारी बसा. बाप्पा समजून घेतो.

बैठकीत आपलं माणूस कसं गेलं याचं वर्णन नको. आणि कुणी "मी त्या दिवशी फोन उचलला असता तर" म्हणालं, तर "असं मनात आणू नये हो" म्हणून गप्प करू नका. पूर्ण ऐका. हा 'तर' आपल्यापैकी बहुतेकांकडे आहे. माझा चार वर्षांचा झालाय, अजून रात्री उठवतो.

रात्री फारच जड झालं तर टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. नावाला बिचकू नका, मीही बिचकलो होतो.

येताना आपल्या माणसाला आवडायचं ते काहीतरी करून आणा. गेल्या वेळी घावन कमी पडले.