मिरजेच्या चाचांना, एका जुन्या पाइपबद्दल

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार.

‘नाव कुठं लिहू नका’ असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांत मानायचं मी ठरवलंय. दुकानात मानायला लागलं की तुम्ही तंबोऱ्याकडे वळता आणि विषय तिथंच संपतो.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगते. मी सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेत प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळते. यंदाच्या नाटकात एक निवृत्त साहेब आहेत आणि त्यांच्या हातातून तंबाखू ओढायचा पाइप सुटत नाही. तालमीत आम्ही प्लॅस्टिकचा पाइप वापरत होतो. त्याला वजनच नाही, त्यामुळे नटाचा हात हलका पडायचा आणि साहेब साहेब वाटायचेच नाहीत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात नाटक उभं केलं, त्या गावात असली तडजोड करायची माझी तयारी नव्हती. खरा पाइप मिळाला तो मिरजेत, जुन्या सामानाच्या एका दुकानात, पितळी कुलपांच्या ढिगाखाली. तंबाखू भरायची वाटी काजळीनं जवळजवळ बुजलेली, तोंडाकडची काळी नळी शेवाळल्यासारखी हिरवट, आणि दांडीवर अर्धवट पुसलेली ‘लंडन मेड’ अशी अक्षरं. दुकानदारानं भला विश्वास टाकला, म्हणाला, पैसे नंतर द्या, आधी कुणा जाणत्याला दाखवून आणा. म्हणून मी तुमची पायरी चढले.

चाचा, तुमचं काम सतारी घडवायचं. पाइपशी तुमचा काय संबंध, असं म्हणून तुम्ही मला सहज वाटेला लावू शकला असता. तुम्ही हातातली कानस खाली ठेवलीत, पाइप दारातल्या उजेडात धरलात आणि वाटीच्या कडेवरून सावकाश नख फिरवलंत. ‘वरनं जळालंय ताई, पण लाकूड फुटलेलं नाही. घ्या.’ तुमच्या त्या ‘घ्या’वर मी पैसे मोजले.

लाकूड ओळखीचं नाही, असंही तुम्ही मोकळेपणी म्हणालात. घरी येऊन मी वाचलं. त्याला ब्रायर म्हणतात. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी जी गाठ धरते, ती काढून तासन् तास उकळतात, महिनोन् महिने वाळवतात आणि मग पाइप कोरतात. ही गाठ आगीला सहजासहजी दाद देत नाही. फ्रान्समधलं सेंट क्लॉद हे गाव एकोणिसाव्या शतकात याच धंद्यावर नावारूपाला आलं. लाकूड वर्षानुवर्षं मुरवत ठेवायचं हे तुम्हाला नवीन नाही, म्हणून मुद्दाम कळवते.

नळी दांडीत घट्ट बसली होती. मी पिळायला घेतली तर तुम्ही हात धरलात. आतली खुंटी मोडली तर पाइप गेलाच म्हणून समजा, म्हणालात. पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा, थंडीत वस्तू आखडते, मग एकाच दिशेनं हळू फिरवा. तसंच केलं आणि नळी बिनतक्रार सुटून आली.

वाटीतली काजळी टोकदार चाकूनं खरवडू नका, तळाला भोक पडेल, हेही तुम्हीच सांगितलंत. नुसतं सांगून थांबला नाहीत. वाटीच्या मापाची लाकडी दांडी तासून तिला पॉलिश पेपर गुंडाळून दिलात. पाइप ओढणारे लोक आत नाण्याच्या जाडीइतका काजळीचा थर मुद्दाम राखतात म्हणे, कारण तो लाकडाला आचेपासून वाचवतो. मात्र थर फार वाढला तर तापल्यावर फुगून वाटीलाच तडा देतो. आमचा पाइप पेटणारच नाही. नाट्यगृह ही सार्वजनिक जागा, तिथं कायद्यानं धूम्रपानाला बंदी आहे, आणि नाटकालाही त्याची गरज नाही. साहेब पाइप भरतात, ठोकतात, रिकामा करतात आणि शेवटपर्यंत पेटवत नाहीत. म्हणून आम्ही सगळी काजळी काढली, थेट लाकूड दिसेपर्यंत.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसले, ती स्पिरिटची. जुना वास घालवायला वाटीत जाडं मीठ भरून वर स्पिरिट ओततात आणि रात्रभर ठेवतात. मीठ आतला चिकट काळा अर्क ओढून घेतं. तुमच्या कपाटात चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशसाठी स्पिरिटची बाटली होती, तीच मी मागितली. तुम्ही दिली नाहीत. ‘हे लाकडाला चालतं, ओठाला नाही. पिऊ नये म्हणून यात विषारी कायबाय घातलेलं असतंय. मेडिकलमधनं आयसोप्रोपिल आणा, आणि काम झाल्यावर पाइप चांगला सुकेपर्यंत कुणाच्या तोंडात देऊ नका.’ तो पाइप कुणाच्या ओठांना लागणार आहे, हे माझ्याआधी तुमच्या ध्यानात आलं. आमचा नट तुम्ही पाहिलेलाही नाही. त्याच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा तिनं तुम्हाला नमस्कार कळवायला सांगितला. तो इथं कळवते.

सकाळी मीठ तपकिरी झालं होतं. दुसऱ्यांदा भरलं तेव्हा बरंच पांढरं राहिलं. मग पाइप खिडकीत वाऱ्याला ठेवून दिला.

नळी तुम्ही अंगठ्यानं घासून हुंगलीत आणि म्हणालात, ‘एबोनाइट. क्लॅरिनेटचं तोंड याचंच असतंय.’ गंधक घालून कडक केलेलं रबर. ऊन आणि हवा लागून तो गंधक वर येतो, त्याचाच तो हिरवट रंग आणि कडवट चव. उकळत्या पाण्यात टाकायचा बेत तुम्ही मोडीत काढलात, त्यानं रंग आणखी जातो म्हणून. चारशेपासून दोन हजार नंबरपर्यंतचे वॉटर पेपर ओले करून क्रमानं घासायला लावलंत. जवारी काढताना, म्हणजे सूर खुलावा म्हणून तारांखालची घोडी घासताना, तुमचा हात जसा चालतो तसाच तो त्या नळीवर चालत होता, आणि मी शेजारी बसून शिकत होते. आता ती काळीभोर झाली आहे.

नळीवर आधीच्या मालकाच्या दातांच्या खुणा होत्या. त्या घासून काढू का, असं मी विचारलं. ‘राहू देत की, तुमचा साहेब म्हाताराच हाय न्हवं?’ हा सल्ला दिग्दर्शकाचा असायला हवा होता. आमचा नट बरोबर त्याच खाचेत दात रोवतो आणि बोलताना त्याचा जबडा आपोआप साहेबाचा होतो. लाकडावर चपड्याचं पॉलिशही तुम्ही चढवू दिलं नाहीत. स्टेजच्या दिव्यात चकाकेल म्हणालात, नुसतं मधमाशीचं मेण पातळ चोळा.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. ते मानांकन वाद्याला आहे. हाताखाली येईल त्या वस्तूशी नीट वागायची जी सवय तुमच्या गल्लीत आहे, ती मला या पाइपामुळे जवळून बघायला मिळाली. माझ्या ओळखीत कुणाकडे बाद म्हणून माळ्यावर टाकलेला तंबोरा असेल, तर त्याला मी आता हाताला धरून तुमच्याकडे आणणार आहे.

प्रयोगाचे दोन पास सोबत पाठवते, चाचींनाही घेऊन या. आणि एक काम अजून आहे. सुकल्यापासून नळी दांडीत किंचित सैल बसते, साहेब रागावून हात झटकतात तेव्हा ती निसटेल अशी धास्ती वाटते. मंगळवारी पाइप घेऊन येते. या वेळी तुम्ही पैसे घेतल्याशिवाय मी उठणार नाही.

तुमची,
सांगलीची ताई