कपाटातले चष्मे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडूनच बोललास. सेवा क्लबात जायला लागून तीन महिने झाले, तरी खुर्च्या मांडणं आणि नोंदणीच्या टेबलावर नावं लिहिणं यापलीकडे काही मिळत नाही म्हणालास. ‘यासाठी का मी रविवार घालवतो?’ यावर मी हसले, त्याचाही तुला राग आला असेल. तुला हसले नव्हते रे. मला माझं पहिलं वर्ष आठवलं.

माझ्या वाट्याला तेव्हा पाहुण्यांचं स्वागत आणि सूत्रसंचालन यायचं. रोटरी काय, लायन्स काय, या सेवा क्लबांनी बायकांना सदस्य करून घेतलं ते उशिराच: लायन्सनं १९८७ साली, रोटरीनं जगभर १९८९ साली. त्याआधी बायका म्हणजे ‘सदस्यांच्या सौ.’. दार उघडलं म्हणून आत बसायला लगेच जागा मिळते असं नाही. शेवटी मी खजिनदारपद मागून घेतलं, कारण ते कुणालाच नको होतं. क्लब कसा चालतो हे मला दोन वर्षांच्या पावत्यांनी शिकवलं, भाषणांनी नाही.

आता चष्म्यांचं सांगते. इतकी वर्षं तुला सांगितलं नाही, कारण सांगताना लाज वाटते. आम्ही नेत्रतपासणी शिबिर घेतलं होतं. १८० जण तपासले. जवळचं वाचायचे तयार चष्मे त्याच दिवशी देता येतात, पण दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असले की चष्मा करून घ्यावा लागतो. तसे ३१ चष्मे करायला टाकले आणि ‘पंधरा दिवसांनी फोन करू’ असं लोकांना सांगितलं. तेवढ्यात जून संपला. या क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, हे तू आता पाहिलंच आहेस. नवा अध्यक्ष, नवी कार्यकारिणी, आणि प्रत्येकाला आपल्या नावाचा नवा प्रकल्प हवा. जुन्या सचिवांनी फायली सोपवल्या, त्यांत शिबिराची वही नव्हती. ती माझ्या पिशवीत होती. मला वाटलं, वाटप होऊन गेलं असेल. नव्या मंडळींना वाटलं, ते जुन्यांचं काम.

फेब्रुवारीत बॅनर शोधताना कपाटाच्या खालच्या कप्प्यात खोका सापडला. एकतीसच्या एकतीस, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी लावलेली.

वही काढून फोन लावत बसले. काही नंबर बंद होते, काहींनी पदरमोड करून दुसरीकडे चष्मा केला होता. एक आजोबा म्हणाले, ‘आम्हाला वाटलं, आमचं नाव यादीत बसलं नाही.’ सात-आठ महिने तो माणूस आपल्यातच काहीतरी कमी पडलं असं समजून गप्प बसला होता. आमच्या अहवालात मात्र ते शिबिर ‘यशस्वी’ म्हणून कधीच जाऊन बसलं होतं, १८० लाभार्थी. हा ‘लाभार्थी’ शब्द मला तेव्हापासून खुपतो.

म्हणून तू ‘नुसतं नोंदणीचं टेबल’ म्हणालास तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो खोका आला. तिथे बसलास की फोन नंबर लिहून झाल्यावर समोरच्याला परत वाचून दाखव. घरात एकच फोन असेल तर तो दिवसा कुणाकडे असतो ते विचार. शिबिर संपेपर्यंत वहीचा फोटो काढून ठेव आणि मूळ वही कुणाकडे गेली ते लिहून ठेव. माझ्यासारखी पिशवीत घालून घरी नेऊ नकोस.

रक्तदानाचंही असंच आहे. तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. तेव्हा एकाच दिवशी विक्रमी पिशव्या गोळा करून फोटो काढण्यापेक्षा तेच दाते वर्षभरात थोडे थोडे आले तर रक्तपेढीला खरा उपयोग. पण त्यासाठी कुणी शेवटचं रक्त कधी दिलं याची नोंद हवी आणि आदल्या दिवशी आठवण करणारा कुणीतरी हवा. म्हणजे पुन्हा टेबलावरचाच माणूस.

तुला मोठं काम हवंय ना? पोलिओइतकं मोठं काम कुठल्या सेवा क्लबांनी केलं असेल असं मला वाटत नाही. रोटरीनं १९८५ मध्ये ते हाती घेतलं. १९८८ च्या सुमारास जगात वर्षाला अंदाजे ३,५०,००० मुलं पोलिओनं पंगू होत होती. आज जंगली विषाणू मोजक्या ठिकाणी उरला आहे. लस सरकारांची, शास्त्रज्ञांची, पैसा अनेकांचा. पण प्रत्यक्षात ते काम चाललं ते बोटाला लावलेल्या शाईवर, दारावरच्या खुणांवर आणि ‘घर बंद होतं’ अशा नोंदींवर. बंद घरांची यादी घेऊन पुन्हा जाणारा माणूस नसता तर पहिल्या दिवसाच्या फेरीचा काय उपयोग झाला असता?

गंमत म्हणजे पॉल हॅरिसनं १९०५ मध्ये शिकागोत पहिला रोटरी क्लब काढला तेव्हा सेवा वगैरे फारशी डोक्यात नव्हती. ओळखी वाढवायच्या होत्या. बैठक आळीपाळीनं, म्हणजे ‘रोटेशन’नं, एकेकाच्या कचेरीत भरायची, म्हणून ‘रोटरी’ हे नाव पडलं. आणि मग त्यांनी लोकांसाठी हाती घेतलेलं पहिलं काम कोणतं, तर सार्वजनिक स्वच्छतागृहं! मला हे फार आवडतं.

वरिष्ठ मंडळी फोटोपुरती येतात, या तुझ्या तक्रारीवर मी त्यांची बाजू घेणार नाही. येतातच. बॅनर आणि जेवणाचा खर्च प्रकल्पापेक्षा जास्त दिसला तर बैठकीत उभं राहून हिशोब विचार. थोडा वाईट होशील, चालेल. वर्षभर थांबूनही नुसती पदांची देवाणघेवाण दिसली तर सरळ सोड, मी एका शब्दानं विचारणार नाही. पण सोडण्याआधी एकदा सहसचिवपद मागून बघ. कागद तुझ्या हातात येतील, आणि जूनमध्ये ते कुणाच्या हातात जातात हेही तूच ठरवशील.

येत्या रविवारी कानांची तपासणी आहे म्हणालास. तिथे श्रवणयंत्रांसाठी मापं घेणार असाल तर यंत्रं किती दिवसांनी येणार आणि त्या दिवशी लोकांना कोण फोन करणार, हे शनिवारीच विचारून ठेव. तपासणीला किती जण आले ते मला नाही सांगितलंस तरी चालेल. यंत्र न्यायला परत किती आले ते मात्र महिन्याभरानं कळव.

तुझी,
आई